आपल्या घराच्या मापाचा कॅमेरा



दिवाळी जवळ आली की पेढीवरचे जुने येणे-देणे मिटवण्याची लगबग सुरू होते, वही-पूजनासाठी नव्या वह्या येतात आणि घरात धनत्रयोदशीच्या खरेदीची यादी तयार होऊ लागते. अलीकडे या यादीत एक नवी नोंद वारंवार आढळते, ती म्हणजे कॅमेरा. मागणी बहुधा घरातील तरुण मुलाची, मुलीची किंवा नव्या सुनेची असते. वडीलधाऱ्यांचा प्रश्नही ठरलेला असतो : प्रत्येकाच्या हातात फोन असताना हा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि मागणीही रास्त असू शकते. दोहोंना न्याय द्यायचा तर विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढेच या वेळच्या सदरात मांडायचे आहे.

व्यापारात माल भरताना आपण प्रथम गिऱ्हाईक पाहतो. कोणता माल खपेल, किती दिवसांत खपेल, भांडवल किती काळ अडकून राहील, याचा अंदाज घेतल्याशिवाय केवळ पुरवठादाराच्या स्तुतीवर विसंबून कोणी गोदाम भरत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हीच चतुर माणसे उलट्या क्रमाने चालतात. आधी दुकान, मग मॉडेल, मग किंमत, आणि उपयोगाचा विचार सर्वांत शेवटी. परिणाम आपण अनेक घरांत पाहतो. चार लग्ने आणि एक सहल झाली की तो महागडा कॅमेरा कपाटात जातो आणि पुन्हा फोनच बाहेर निघतो. उपयोग आधी, मर्यादा नंतर, लेन्स त्यानंतर आणि कॅमेरा शेवटी, असा क्रम ठेवला तर हे अडकलेले भांडवल टळते आणि खरोखर उपयोगी वस्तू घरात येते.

उपयोग कसा ओळखावा? त्यासाठी कोणत्याही जाणकाराकडे जाण्याची गरज नाही. मागणी करणाऱ्याच्या फोनमध्ये दोन-तीन वर्षांची छायाचित्रे असतातच. वर्षअखेरीस दुकानातील माल मोजतो तशी त्यांची मोजदाद करावी. जी छायाचित्रे मनाजोगती आली, ती बाजूला ठेवावीत. त्यांच्यासाठी नवा कॅमेरा लागणार नाही. जी फसली, त्यांची कारणे लिहावीत. ही कारणे बहुधा चारच निघतात. कोठे उजेड कमी होता, कोठे माणूस हलत होता, कोठे विषय फार दूर होता आणि कोठे वस्तूचा बारकावा पकडता आला नाही. चौथ्या प्रकारात जुन्या हस्तलिखितावरील अक्षरे, दागिन्यावरील नक्षी किंवा पैठणीच्या पदराची वीण मोडते. यांपैकी एकही कारण ठळकपणे पुढे आले नाही, तर तूर्त खरेदी पुढे ढकलावी. त्यात कोणाचाही अपमान नाही. एखादे कारण पुन्हा पुन्हा आले, तर त्या घराला कॅमेरा हवा आहे आणि कोणता हवा, याचे उत्तरही तेथेच मिळते.

उत्तराचा मोठा भाग लेन्समध्ये असतो. अंधारासाठी मोठ्या छिद्राची लेन्स लागते, दूरच्या विषयासाठी लांब पल्ल्याची, बारकाव्यासाठी मॅक्रो. आणि हालचाल स्थिर पकडायची तर कमी उजेडातही वेगाने उघड-झाप करता येईल एवढा प्रकाश आत आला पाहिजे. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटर किंवा तत्सम लेन्स दिवसाच्या उजेडात उत्तम काम देते. घरातील संध्याकाळी मात्र तिची मर्यादा दिसते. झूम पुढे नेल्यावर तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ ५.६ असते. एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स तिच्याहून सुमारे दहापट प्रकाश आत घेते. आकडा लहान तितके छिद्र मोठे, हे नवशिक्याने येथेच लक्षात ठेवावे.

या दहापट फरकाचा अर्थ प्रत्यक्षात काय? बैठकीच्या खोलीत आजी स्वाध्याय करीत बसल्या आहेत. डोक्यावर एकच दिवा आहे. हात हलला किंवा मान वळली तरी चित्र अस्पष्ट होऊ नये म्हणून शटरचा वेग सेकंदाचा १२५ वा भाग ठेवला. एफ ५.६ वर यासाठी कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, ६४०० च्या आसपास न्यावी लागेल आणि चित्रात दाणे दिसू लागतील. एफ १.८ वर तेच काम आयएसओ ६४० मध्ये होईल. चेहऱ्यावरील सुरकुत्या, चष्म्यामागील डोळे, हातातील पोथीचे पान, सारे स्वच्छ येईल. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या जैन लेण्यांतही हाच अनुभव येतो. आत उजेड कमी असतो आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्थळी तिपाई लावायची तर परवानगी लागते. तेथे अधिक मेगापिक्सेलपेक्षा मोठे छिद्र उपयोगी पडते.

मेगापिक्सेलचा मोह वेगळाच असतो. २४ मेगापिक्सेलचे चित्र साधारण ६००० गुणिले ४००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू, ही उत्तम छपाईची पट्टी धरली तरी ते २० इंच रुंद आणि १३ इंच उंच छापता येते. आपल्या घरांत याहून मोठी चौकट क्वचितच लागते. म्हणून २४ मेगापिक्सेलच्या पलीकडे केवळ आकड्यासाठी पैसे मोजू नयेत.

त्याऐवजी सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा आकार समजून घ्यावा. फुल-फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ गुणिले १३ मिलिमीटरचा. सेन्सर मोठा असेल तर अंधारात तो अधिक निभावून नेतो. परंतु त्याबरोबर लेन्स मोठी होते, वजन वाढते आणि किंमतही वाढते. फुल-फ्रेम कॅमेरा आणि त्याला साजेशी २४-७० मिलिमीटर, एफ २.८ लेन्स यांचे वजन दीड किलोच्या घरात जाते. लहान एपीएस-सी कॅमेरा आणि त्याची साधी लेन्स अर्ध्या किलोच्या आसपास राहते. हा एक किलोचा फरक दुकानात जाणवत नाही. शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना तो पायरीगणिक जाणवतो. ज्या घराच्या यादीत यात्रा वरच्या क्रमांकावर आहे, त्या घराने वजन हा पहिला निकष मानावा.

दुसरा निकष हाताचा. पकड बोटांना पुरते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरमधून पूर्ण चौकट दिसते का, मुख्य चकत्या न पाहता फिरवता येतात का, हे वर्णन वाचून कळत नाही. मोठ्या शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. पसंतीस आलेले दोन कॅमेरे एकेक दिवस भाड्याने आणून घरातच वापरावेत. भाड्यापोटी गेलेली रक्कम ही पारखण्याची मजुरी समजावी. सोने कसोटीवर घासल्याशिवाय आपण घेत नाही, मग हे का घ्यावे?

दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे डीएसएलआर घ्यावा की मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. चित्र घेताना तो वर उचलला जातो आणि खट्ट आवाज होतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. त्यामुळे कॅमेरा लहान होतो आणि इलेक्ट्रॉनिक शटर लावले तर आवाज मुळीच होत नाही. प्रवचनाच्या सभागृहात ही शांतता मोलाची ठरते. मात्र काही एलईडी दिव्यांखाली या मूक शटरने चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात, म्हणून आधी एक चाचणी घ्यावी. निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये आपल्या नव्या मिररलेस मालिका आणल्या आणि त्यांचे लक्ष आता तिकडेच आहे. नवा घ्यायचा तर मिररलेस घेणे शहाणपणाचे. पण निकॉनची एफ-माउंट १९५९ पासून आणि कॅननची ईएफ-माउंट १९८७ पासून चालत आल्याने त्यांच्या जुन्या लेन्स बाजारात विपुल आहेत. थोड्या पैशांत शिकायचे असेल तर चांगल्या स्थितीतील जुना डीएसएलआर आजही उत्तम गुरू आहे.

कामावरून साधन ठरते, याचे एक थोर उदाहरण आपल्याच समाजात आहे. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन घराण्यात झाला. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखड्यांचे आणि अंदाजपत्रकांचे काम करू लागले. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो नोकरीत असताना, १८७० च्या दशकात. म्हणजे मोजमापाची नजर आधी तयार झाली होती. मध्य भारतातील वास्तूंची त्यांनी घेतलेली चित्रे आजही त्या वास्तूंच्या अभ्यासाचा आधार आहेत. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी वेगळा झनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. किल्ल्याचे चित्र घेण्याची मांडणी अंतःपुरातील स्त्रियांसाठी चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९०५ मध्ये ते वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी अडीच हजारांहून अधिक आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.

आता मर्यादेविषयी. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताचे मर्म हे की मर्यादा वस्तू समोर येण्यापूर्वी ठरवावी. वस्तू पाहिल्यावर ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते, ती केवळ मोहाला दिलेली सवलत असते. घरातील थोरांनी आणि मागणी करणाऱ्याने एकत्र बसून आकडा ठरवावा, कागदावर लिहावा आणि तो संपूर्ण खर्चाचा आकडा मानावा. उदाहरणादाखल ८०,००० रुपयांची मर्यादा धरू. निम्मी रक्कम कॅमेऱ्याला, सुमारे तिसरा हिस्सा लेन्सला आणि उरलेली जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे, पिशवी, तिपाई आणि चित्रे साठवण्याच्या हार्ड डिस्कसाठी ठेवावी. लेन्सचा हिस्सा कापून महाग कॅमेरा घेण्याचा आग्रह दुकानदार करील, तेव्हा कागद खिशातून काढावा. पाच वर्षांत कॅमेरा जुना होईल, त्याची किंमत उतरेल. चांगली लेन्स सांभाळली तर पुढच्या कॅमेऱ्यालाही चालेल. आणि पहिले एक वर्ष तरी दुसरी कोणतीही लेन्स घेणार नाही, असा नियम त्याच कागदावर लिहिला, तर एका लेन्सने काय काय साधते हेही कळेल.

बिलाच्या बाबतीत आपल्या परंपरेने फार पूर्वी सावध केले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे हा तदाहृतादान आणि राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे हा विरुद्धराज्यातिक्रम, असे दोन स्पष्टपणे येतात. कॅमेऱ्याच्या बाजारात दोन्हींचे प्रसंग येतात. बिल नसलेला जुना कॅमेरा फार स्वस्त मिळत असेल, तर तो कोणाच्या पिशवीतून उचललेला असू शकतो. मूळ बिल, त्यावरील क्रमांक आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला क्रमांक जुळल्याशिवाय व्यवहार करू नये. नवा कॅमेरा ‘बिलाविना स्वस्त’ मिळत असेल, तर त्यावर कंपनीची भारतातील हमी बहुधा लागू होत नाही. म्हणजे येथे धर्म आणि हिशेब एकाच बाजूला उभे आहेत. आणखी एक बाब व्यापारी घरांसाठी. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी २०१९ च्या आरंभी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानातील मालाची छायाचित्रे काढण्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याचा कर वजा मिळू शकतो; घरच्या हौसेसाठी घेतलेला कॅमेरा मात्र दुकानाच्या खात्यावर टाकू नये. वही शुद्ध राहिली तर मनही स्वस्थ राहते.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले, हा आकडा विचारावा. मोटारीच्या किलोमीटरसारखा तो असतो. लेन्स उजेडासमोर धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

अहिंसेच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. कॅमेऱ्याचे पट्टे आणि पिशव्या कातड्याच्याच असाव्यात असे मुळीच नाही. सुती किंवा नायलॉनच्या तितक्याच टिकाऊ मिळतात. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची हौस तरुणांत पुन्हा वाढते आहे. फिल्मवरील प्रकाशग्राही थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून होते, हे त्यांना माहीत असावे. चांदीच्या क्षारांचा पारंपरिक फोटो-कागदही त्याच प्रकारचा असतो. ज्यांना हे टाळायचे आहे त्यांनी छापून घेण्यापूर्वी कागदाचा प्रकार विचारावा. पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याची आवड असेल तर ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स लागेल. ती नसताना घरट्याजवळ जाणे, आमिष ठेवणे किंवा ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला बोलावणे, हे चित्रासाठी जीवाला दिलेले कष्टच आहेत.

मंदिरात आणि साधू-साध्वींच्या सान्निध्यात कॅमेरा विवेकाने वापरावा. आबूच्या देलवाडा मंदिरांत छायाचित्रणास बंदी आहे. अनेक तीर्थांत मूलनायक प्रतिमेचे चित्र घेऊ देत नाहीत. पुष्कळ मुनिराज आणि साध्वीजी आपले छायाचित्र काढू देत नाहीत, तेव्हा विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नये आणि फ्लॅश तर नकोच. जेथे नियम आहे तेथे डोळ्यांनी दर्शन घ्यावे. ते कोणत्याही लेन्सहून सरस आहे.

कॅमेरा घरी आला की त्याची निगा सुरू होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळा लेन्सचा वैरी असतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे आणि पुड्या वेळोवेळी वाळवाव्यात. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी जागा घेते; हजार चित्रांना २५ ते ३० जीबी. म्हणून प्रत्येक महिन्याच्या अखेरीस निवड करावी, नको ती पुसावीत आणि हवी ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावीत. चित्रांचाही परिग्रह होतो, आणि तो कपाटातील कॅमेऱ्याहून अधिक वेगाने वाढतो.

शेवटी, पहिले काम कोणते करावे? आपल्या बहुतेक घरांत एक जुनी पेटी असते आणि तीत पिवळी पडलेली छायाचित्रे असतात. त्यांतील निम्म्या चेहऱ्यांची नावे आज फक्त एका-दोघांनाच सांगता येतात, आणि ते एक-दोघे ऐंशीच्या पुढचे असतात. नव्या कॅमेऱ्याने प्रथम त्या पेटीतील प्रत्येक चित्राची प्रत घ्यावी. खिडकीच्या मंद उजेडात, चित्र सपाट ठेवून, कॅमेरा तिपाईवर लावून हे सहज होते. प्रत घेताना आजी-आजोबांना शेजारी बसवावे आणि ते सांगतील ती नावे, गावे आणि नाती वहीत क्रमाने लिहावीत. मग त्यांचेच एक चित्र घ्यावे : स्वाध्याय करताना, माळ जपताना, पेढीच्या गादीवर बसलेले. छापून घ्यावे आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तिथी आणि सन लिहावे.

एवढे काम भाऊबीजेपर्यंत पूर्ण झाले, तर कॅमेऱ्याची किंमत वसूल झाली असे खुशाल समजावे. आणि हे काम करताना त्या तरुण हाताला कंटाळा आला नाही, उलट आणखी चार पेट्या शोधाव्याशा वाटल्या, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांना मिळालेले असेल.